शटर खाली, पंखा बंद

६ मे २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. जऊळका.

डाव्या हाताच्या फोडांना मलम लावत होतो. आई म्हणाली, "मलम मंग लावजो. पयले मामाले फोन लाव, रागावला गिन असन." तुम्ही रागावला आहात की नाही, हे बघायला मी मलम अर्धे टाकून उठावे, असे तिला वाटते. बहीण आहे तुमची, तिला दोष देत नाही. फोन लावला नाही. पत्र लिहायला बसलो.

उकंडराव मामा,

वर 'तीर्थरूप' नाही, ते विसरून नव्हे. नमस्कार मामींना. चष्म्यात ठेकेदार म्हातारा दिसतो म्हणून तुम्ही चष्मा लावत नाही, हे सगळ्या केनवडला माहीत आहे. म्हणजे हे पत्र मामीच मोठ्याने वाचणार. प्रयागमामी, एकच विनंती, मधली वाक्ये गाळू नका. मामा उठून अंगणात गेले तर मागोमाग जाऊन वाचा. फोनवर त्यांना 'थांब बे' म्हणता येते, पत्राला म्हणता येत नाही. म्हणून पत्र.

फुलसिंग जिवंत आहे. तुम्ही विचारले नाही, पण सांगतो.

काल केनवडचे पुंजाजी स्टेशनवर भेटले. तुम्ही टपरीवर काय सांगत आहात ते त्यांनी मला तुमच्याच आवाजात ऐकवले. "तांड्यावरचा गडी, पेऊन कामावर आल्ता. पडला अन आता दवाईचं नाव घेऊन राह्यला." चहा पिणारे सगळे हसले म्हणे. हसणारच. तुम्ही तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, गावची दारू बंद करणारे. तेव्हापासून कोणी सायकलवरून पडला तरी तुम्हाला त्यात दारूच दिसते. पाय घसरला असेल, चक्कर आली असेल, हे तुमच्या समितीच्या कामात बसत नाही.

काय झाले ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही तिथे नव्हता. मामींसाठी सांगतो.

कारंज्याला कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसातले जुने प्लास्टिकचे कार्पेट काढायचे होते. खोली एसीची, म्हणजे दार एक, खिडकी एक, आणि दोन्ही घट्ट. कार्पेट निघाले, खालचा गोंद निघेना. काळा, चिवट, फरशीला धरून बसलेला. तो मऊ करायला जे रसायन ओततात त्याला आपण कामावर नुसते 'दवाई' म्हणतो. मामा सकाळी आले, त्यांनी स्वतःच्या हाताने दवाई ओतली, खिडकी लावली, पंखा बंद केला आणि आम्हाला त्यांचे शास्त्र सांगितले.

"वारं लागलं का दवाई उडते. उडते ते माह्ये पैसे उडून राह्यले. दार लावून घ्या."

शास्त्र सांगून मामा समितीच्या सभेला गेले. विषय होता, उन्हाळ्यात वाढलेली दारू.

मामा, दवाई उडते हे तुम्ही बरोबर पाहिले. पण बंद खोलीत ती उडून जाईल कुठे, एवढा एक प्रश्न तीस वर्षांत तुम्हाला पडला नाही. ती हवेपेक्षा जड असते. वर जात नाही, जमिनीवर साचते. आणि गोंद खरवडणारा माणूस उभा राहून खरवडत नाही, उकिडवा बसतो. नाक गुडघ्याजवळ. तुम्ही तुमचे पैसे वाचवून आमच्या नाकाखाली जमा करून ठेवले होते.

फुलसिंगने शेला ओला करून तोंडाला बांधला. मी कोरोनातला निळा मास्क लावला. मला वाटले, मास्क आहे. ओल्या शेल्याने धूळ अडते, वाफ अडत नाही, आणि माझा मास्कही तेवढाच निरुपयोगी होता. डब्यावर हे छापलेले आहे, इतक्या बारीक अक्षरात की तुम्ही चष्मा लावला असता तरी वाचले नसते.

थोड्या वेळाने फुलसिंग हसायला लागला. "विकासभाऊ, आज बिनपैशाची चढून राह्यली." मीही हसलो. ऑफिसचा शिपाई दाराबाहेर हे ऐकत होता, आणि हेच वाक्य त्याने तुम्हाला फोनवर सांगितले असणार. माणूस गंमत करतो आणि तिचा पंचनामा तुम्ही करता.

मग त्याची जीभ जड झाली. मग तो हळूच पुढे वाकला आणि कपाळ फरशीला टेकवून तसाच राहिला. मला वाटले, अजून गंमतच आहे. हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. नंतर मी त्याला पायांना धरून बाहेर ओढले. माझा हात त्या ओल्या गोंदात घसरला, दहा रुपयांचा हातमोजा हातावरच मऊ होऊन फाटला. फोड त्याचे आहेत. डॉक्टरांनी मला शाबासकी दिली नाही, रागावले. आधी दार-खिडकी सताड उघडायची, बाहेरून माणूस बोलवायचा. एकटा आत शिरलास आणि तू पण आडवा झाला असतास, तर दोघांना कोणी ओढले असते? रात्री मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या आहेत का ते उठून पाहिले. अजूनही पाहतो.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "किती पेला हा?" त्यांचे काय चुकले? डोळे तांबारलेले, बोलणे लटपटते, आणि तुमचा फोन आमच्या आधी पोहोचलेला. मी दवाईचा डबा बरोबर आणला होता, झाकण घट्ट लावून, पिशवीत गुंडाळून. कामाची वस्तू जागेवर सोडून यायची मला सवय नाही. डॉक्टरांनी डबा हातात घेतला, नाव वाचले, मिथिलीन क्लोराइड, आणि त्यांचा आवाज बदलला. लगेच ऑक्सिजन लावला, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. म्हणाले, ही वाफ शरीरात गेली की तिचा तोच वायू होतो जो बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की होतो. माणूस बाहेर आणला तरी तो आत तयार होतच राहतो, आणि हृदयावर येते. म्हणून रात्रभर ठेवून घेतले.

त्याच वेळी तुम्ही मला फोनवर म्हणाला होता, "झोपू दे त्याले. सकायपावतर उतरन."

मामी, हे वाक्य परत एकदा वाचा.

फुलसिंगची बायको रंजीता संध्याकाळी आली. नवऱ्याच्या तोंडावरची नळी बाजूला करून आधी तोंड हुंगले. नर्स ओरडली. रंजीता म्हणाली, "ओरडू नका बाई. याच्या तोंडाची दारू मले झोपेत समजते. हे दारू नोहे." तुमच्या समितीने एवढा तपास आजवर एकाही प्रकरणात केला नसेल.

टपरीवर जाऊन जे बोललात ते परत घ्या. एवढेच मागतो.

विकास

१२ मे, दुपारी सव्वादोन. जऊळका.

मामीच्या फोनवरून तुमचा आवाज आला तेव्हा जेवत होतो. तीन वेळा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना लिहून घेतला, म्हणजे उद्या तुम्ही म्हणायला नको की मी असे बोललोच नाही.

"विकास, तू बारावी नापास. डाकटर कधी झाला बे? तीस वर्सं मी हेच काम करून राह्यलो. मी हाव ना जित्ता? मले काहून काही झालं नाही? मी पेत नाही म्हणून. ज्याच्या पोटात दारू, त्यालेच दवाई चढते. समजलं? अन पत्रं लिहू नको, तुह्या मामीले दिवसभर तेच पुरते."

बारावी नापास आहे, खरे आहे. गणितात. पण तीस वर्षे तुम्ही हे काम केलेले नाही, करवून घेतलेले आहे. दवाई ओतायची आणि सभेला जायचे, याला काम म्हणत नाहीत. तुम्ही जिवंत आहात कारण तुम्ही दाराच्या बाहेरच्या बाजूला असता. यात दारू न पिण्याचा काय संबंध? फुलसिंग होळीला पितो, बाकी उसाच्या फडात थंडी फार पडली तर. त्या दिवशी त्याने सकाळी भाकरी आणि पिठले खाल्ले होते, ते मी पाहिले आहे. मीही त्यातले खाल्ले.

आता खरे कारण लिहितो. सोमलाकडून कळले की वाशीमच्या कपड्याच्या दुकानाचे तळघर तुम्ही घेतले आहे, आणि पंधरा तारखेला फुलसिंगच्या जागी सोमला उतरणार आहे. त्याचा सख्खा भाऊ. एक दवाखान्यातून येऊन खाटेवर पडला आहे, त्याच्या जागी दुसरा. तुम्हाला लाज वाटावी म्हणून हे लिहीत नाही. ती अपेक्षा मागच्या पत्रात संपली.

मी सोमलाला म्हटले, नको जाऊ. तो म्हणाला, "जा लागते, विकासभाऊ. दादाले डाकटरनं पंधरा दिवस उठू नको म्हटलं. घरात कोन कमावते?" मी म्हटले, तळघरात ही दवाई वापरायचीच नसते. तो म्हणाला, "ते मालकाले सांगा. मले कायले सांगता?"

म्हणून तुम्हाला सांगतो. मामी, इथून सावकाश वाचा.

तळघराला खिडकी नाही. जिना वर जातो आणि वर शटर. दवाईची वाफ खाली साचते हे मागे लिहिलेच आहे; तळघर म्हणजे त्या वाफेची विहीर. शटर उघडे ठेवून भागत नाही. दारात पंखा ठेवूनही भागत नाही, जड वाफ जिना चढून येत नाही. डॉक्टरांना मी मुद्दाम परत जाऊन विचारले, बाजारात मिळणारा, पुढे गाळणीची डबी असलेला मास्क लावला तर? ते म्हणाले, ही वाफ त्याला बघता बघता भेदून जाते, आणि माणूस मास्कच्या भरवशावर आणखी आत बसतो. खाली उतरायचे असेल तर ही दवाई खाली न्यायचीच नाही. गोंद गरम पाण्याने भिजवायचा, पोते टाकून ठेवायचा आणि पत्रीने, म्हणजे लोखंडी पात्याने, खरवडायचा. वेळ लागतो. हात दुखतात. हात दुखून माणूस मरत नाही.

ही दवाई वापरायचीच असेल तर उघड्यावर. वारा पाठीकडून घ्यायचा, थोडी थोडी ओतायची, जवळ विडी नाही, चूल नाही, कारण ज्योत लागली तर वाफेचे दुसरेच विष होते. डोके हलके वाटले की त्याच क्षणी उठून लांब जायचे, 'एवढी एक फरशी' म्हणून बसून राहायचे नाही. ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याने हात लावायचा नाही. हातमोजे दुकानदार देईल ते नाहीत, डब्यावर लिहिलेले. हे मी माझ्या मनाचे लिहीत नाही. यातले निम्मे डब्यावर आहे. डबा तुम्ही विकत घेता, डब्यावरचे फुकट असते, ते घेत नाही.

आणि मामी, तुम्हाला वेगळे विचारतो. मागच्या वर्षी मामांनी उरलेली दवाई थंड पेयाच्या बाटलीत भरून घरी आणली होती. ती बाटली तुमच्या फडताळात तर नाही? तुमची वैभवी कॉलेजातून उन्हाची येते आणि आल्याआल्या बाटली तोंडाला लावते. सापडली तर मोरीत ओतू नका, उघडूही नका. बाहेर गोठ्याच्या वळचणीला, सावलीत, उंच ठेवा आणि वर चिठ्ठी लावा.

पंधरा तारखेला मी वाशीमला येणार नाही. मला काम आहे.

विकास

१६ मे, सकाळी सहा वाजता. जऊळका.

गाडीतून उतरून हातपाय धुतले आणि लगेच बसलो, म्हणजे तुमचे सांगणे मामींच्या मनात पक्के व्हायच्या आत हे पोहोचेल. रात्री वाशीम स्टेशनवर बाकावर झोपलो.

मामी, बाटलीबद्दल तुमचा फोन आला, बरे झाले. वैभवीने झाकण उघडून नाकाला लावले आणि "हे कायचं सरबत, बाप्पा!" म्हणून परत ठेवले, हे ऐकून मी आमच्याही फडताळातल्या बाटल्या काढून पाहिल्या. तुम्ही मामांना काय बोललात ते तुम्ही सांगितले नाही, मी विचारत नाही. पण काल मामा सकाळपासून ज्या तोंडाने वावरत होते, त्यावरून थोडे समजले.

मला काम नव्हते. मागच्या पत्रात ते खोटे लिहिले. भीती वाटत होती, आजही वाटते. त्या दुकानासमोर उतरलो तेव्हा मला वाशीमच्या भर उन्हात तो गोडसर वास यायला लागला, आणि डबा अजून उघडलासुद्धा नव्हता.

दुकानात मामा होते, सोमला होता, दुसरा गडी बबलू होता, आणि गल्ल्यावर दुकानाचे शेठजी. मामांनी मला पाहिले.

"तू येथी कायले आला बे? तुले बोलावलं कोन?"

मी म्हटले, "मामा, डबा खाली नेऊ नका."

"शेठजी, हा माह्या बहिनीचा पोरगा. पुस्तक वाचून येडा झाला. चाल बे सोमला, उतर खाली. बबलू, शटर पाड. पंखा बंद कर."

सोमला जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता, हातात पत्री. उतरला नाही.

"काय झालं? उतर ना!"

"मालक, दादाले कशानं झालं?"

"अरे, किती वेळा सांगू? तो पेऊन होता. ज्याच्या पोटात दारू, त्यालेच ही चढते. न पेणाऱ्याले ही पान्यासारखी. तू पेला काय आज?"

"नाही."

"मंग तुले काय धाड भरली?"

सोमलाने पत्री पायरीवर टेकवली. मामी, तो मोठ्याने बोलणारा माणूस नाही. बबलूसुद्धा त्याला मुका म्हणतो. तो म्हणाला,

"मी कधीमधी पेतो, मालक. जुनी एखादी पोटात राह्यली असन, तं मले काय मालूम? तुमी तं जन्मात थेंब घेतला नाही. तुमीच बसा ना खाली खुर्ची टाकून. आमी तुमच्यासमोर काम करतो. शटर पाडतो, पंखा बंद करतो, तुमी म्हनसान तसं. तुमी बसले का मले धीर येईन."

बबलू हसला नाही, हे विशेष. शेठजी हसले. "बात तं बरोबर हाय, उकंडराव. अध्यक्ष खाली बसले म्हनल्यावर काय भेव? ए, खुर्ची ने रे खाली!"

दुकानातल्या एका गड्याने लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली, जिना उतरून तळघराच्या मधोमध ठेवली, वर आला आणि हात झटकले. दिव्याखाली ती खुर्ची वरून नीट दिसत होती. कपडे बघायला आलेल्या दोन बायाही थांबल्या.

मामा खरेच उतरले असते तर मी शटरखाली आडवा झालो असतो, हे त्यांना सांगायची मला इच्छा नव्हती आणि आजही नाही.

मामांनी खुर्चीकडे पाहिले. मग म्हणाले, गुडघा दुखून राह्यला. शेठजी म्हणाले, "मी धरतो ना हाताले." मग मामांना फोन आला. वाजलेला कोणी ऐकला नाही, पण ते "हो, हो" म्हणत रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. खुर्ची तिथेच होती.

मग त्यांनी डबा उचलला, लांब हाताने झाकण फिरवले, नाक अगदी दूर ठेवून हुंगले, आणि तोंड वाकडे केले.

"ह्यॅ! माल नकली हाय. वासच सांगून राह्यला. असा माल मी वापरत नाही. लावा रे झाकन. पानी गरम करा अन पत्रीनं काढा."

शेठजी म्हणाले, "त्याले तं दोन दिवस लागतीन."

"लागू द्या. क्वालिटीचं काम हाय."

एवढेच झाले. मामी, ते घरी सांगतील की त्यांनी नकली माल पकडला. टपरीवरही सांगतील, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडून 'क्वालिटी'चे जास्त पैसे घेतील. सांगू द्या. त्यांना काहीच पटलेले नाही. वाफ जड असते हे पटले नाही, बंद खोली पटली नाही, फुलसिंग शुद्धीत होता हेही नाही. त्यांना फक्त खुर्ची दिसली. दुसऱ्याच्या भावाला ज्या जागी दिवसभर बसवायला निघाले होते, त्या जागी स्वतः बसायची वेळ आली तेव्हा अध्यक्षांचा गुडघा दुखला. यापेक्षा मोठी कबुली तुमच्या नवऱ्याकडून मिळणार नाही, आणि मला आता नकोही.

सोमलाने, बबलूने आणि मी रात्री नऊपर्यंत अर्धे तळघर खरवडले. शटर वर होते, पंखा चालू होता. हाताची सालपटे निघाली. सोमला एकदाच बोलला. "मालक खरंच बसला असता तं, विकासभाऊ?" मी म्हटले, नसताच बसला. तो म्हणाला, "मले बी मालूम होतं," आणि परत खरवडायला लागला.

मामा, मी तुमच्याकडे आता कामाला येणार नाही. उरलेले तळघर सोमला आणि बबलू आज पुरे करतील. नकली ठरवलेला डबा मी शेठजींच्या मागच्या उघड्या अंगणात, कुलपाच्या जाळीत ठेवला आहे. तो तिथून हलवून बंद खोलीत नेलात तर शेठजी मला फोन करणार आहेत. त्यांनी तसे कबूल केले आहे, आणि त्यांना मजा आली म्हणून का होईना, ते शब्द पाळतील.

हिशेब. दोन पत्र्या दोनशे चाळीस, पोती साठ, पाणी तापवायचे लाकूड शंभर, माझे येणे-जाणे ऐंशी. हे चारशे ऐंशी माझ्या खिशातून गेले, तुमच्याकडे येणे आहे. फुलसिंगच्या दवाखान्याचे सहा हजार नऊशे, ते रंजीताने तांड्यावरून हातउसने आणले, तुमच्याकडे येणे आहे. माझी नऊ दिवसांची मजुरी, फुलसिंगची सहा दिवसांची, येणे आहे. तुमचे माझ्याकडे काही निघत नाही. खुर्ची दुकानाचीच होती, तिचे शेठजींनी काही लावले नाही.

विकास